भुशाचं विमान

विजयश्री: वाळवी लागल्याचं साल तरी बरोबर हाय ना, मामा? रेणुकावन्संला जुळं झालं तेच साल. म्हंजे हेच चालू, दोन हजार तेवीस.

राघोबा: हेच की. वैशाखात बारसं झालं. सरकारी वकिलावानी कामून इचारायलीस? रंधा मारू दे मला. दिस कलायच्या आत हा पाट मठात पोचवायचा हाय.

विजयश्री: पोचंल की. मी काही तुमचा रंधा धरून बसले न्हाई. बारशाला तुम्ही दोन पाळणे केलाव. आन् त्याच आठवड्यात मठातून निरोप आला, जुन्या विमानाचे पाय आन् पाट वाळवीनं खाल्ले म्हणून.

राघोबा: माझ्या बापानं केलतं त्ये विमान. अस्सल बाभळीचं. आपल्यात मेलेला माणूस आडवा जातो, लिंगायतात विमानात बसून जातो. बाप म्हणायचा, आडव्याला दोन बांबू बास हायत, पर बसणाऱ्याला सुतार लागतो. ह्या लोकांनी कोठीत मातीवर ठेवलं. साठ वर्सांत तेलाचं एक बोट लावलं न्हाई. मग वाळवी काय त्याच्या पाया पडंल?

विजयश्री: मग नवीन कुणी करायचं म्हणून जेठात मीटिंग झाली. तुम्हाला बोलावलं न्हाई.

राघोबा: बोलावलं की. च्या प्यायला बोलावलं. सगळ्यांनी तुझ्या नवऱ्याच्या फोनवर चित्रं बघितली. कमान, कमानीवर नंदी, बाजूनं बेलाची पानं, समदं सोनेरी. माझा धनू म्हणला, मशीन चार घंट्यात कापून देतंय. मी म्हणलं, माझ्याकडं सुकवून ठेवलेली बाभूळ हाय, एक म्हैना द्या. कुणी हूं की चूं केलं न्हाई. अमृतप्पानं बी न्हाई.

विजयश्री: अमृतप्पा काकांनी तर हात वर केला, ह्यांच्या बाजूनं.

राघोबा: साठ वर्सांचा दोस्त माझा. तूर घेऊन आळंदच्या बाजारात जायचो तवा एका गाडीत, एका घोंगडीत निजलेले आमी. ही बाभूळ त्याच्याच बांधावरची. दहा वर्सांमागं त्यानंच तोडून दिली, म्हणला, 'राघ्या, माझ्या विमानाला ठेव, तुझ्या हातचंच पायजे.' आन् मीटिंगमधी हात वर करून मोकळा. 'आता पोरांचा जमाना हाय राघ्या,' म्हणला. माझ्याकडं बघितलं बी न्हाई.

विजयश्री: राग आला तुम्हाला.

राघोबा: राग कशाचा? सुताराला राग परवडत न्हाई. बोटं जातात.

विजयश्री: मग हे काय हाय, मामा?

राघोबा: काय?

विजयश्री: चष्मा लावा आन् बघा. गोठ्यात वैरणीच्या मागं, फुटक्या बादलीत सापडलं.

राघोबा: शिळी भाकरी दिसायली.

विजयश्री: फुगलंय भाकरीवानीच. पर भाकरीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं मी कुठं बघितलं न्हाई.

राघोबा: तांब्या दे जरा इकडं.

विजयश्री: देते. आधी वाचा. का मीच वाचू? 'धनूची फळी. पाण्यात घातली सोळा जून. काढली सतरा जून. गेली.' गेली-च्या खाली दोन रेघा मारल्याव.

राघोबा: हं.

विजयश्री: अक्षर कुणाचं, ते मला सांगायला नको. करोनाच्या साली ह्याच ओसरीवर सहा म्हैने तुमचा हात धरून गिरवून घेतलंय मी. तवापासून तुम्हाला जे दिसंल त्यावर तारीख लिहायची खोड लागली. कोंबडी अंड्यावर बसली तरी खुराड्यावर तारीख.

राघोबा: शिकवलंस बी तूच, आन् धरलंस बी तूच.

विजयश्री: नवीन लाकडाचा तुकडा रातभर पाण्यात टाकून बघायचा, ही तुमच्या घराण्याची रीत. मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलतं तुम्ही.

राघोबा: बापाची रीत. त्यो म्हणायचा, इकणारा खोटं बोलतो, घेणारा खोटं बोलतो. पाण्याला बोलताच येत न्हाई.

विजयश्री: विमान मठात गेलं श्रावणात. हा तुकडा जूनचा. म्हंजे दोन म्हैने आधी तुम्हाला माहीत होतं.

राघोबा: हळू बोल. धनू माळवदावर हाय.

विजयश्री: पिशवी भरायलेत ते. पाचच्या गाडीनं बिदरला निघालेत. बिदरजवळच्या कोळारला भुशाच्या बोर्डाचं गोदाम हाय, तिथं गाड्या उतरवायचं काम मिळालंय. ज्या बोर्डानं दुकान थाटलं, तेच बोर्ड आता पाठीवर घ्यायचे.

राघोबा: मला सांगितलं न्हाई त्यानं.

विजयश्री: तुम्ही तरी त्यांना कुठं सांगितलाव?

राघोबा: आजच निघाला? आज तर अमृतप्पाची गणाराधना हाय. अकरावा दिस. समदं गाव मठात जेवायला येणार.

विजयश्री: व्हय. आन् पंगती बसायच्या आधी धनराज सुतारानं गावासमोर हात जोडून उभं राहायचं, असं ठरलंय. मग त्याच जागी स्वामीजी राघोबा सुताराला शाल घालणार. सकाळी काकांचा शिवशंकरप्पा येऊन सांगून गेला न्हाई का? 'राघोबा काकांचं ऐकलं असतं तर माझ्या बापावर ही पाळी आली नसती,' म्हणला. तुम्ही त्याला काय उत्तर दिलाव?

राघोबा: मी कुठं काय बोललो.

विजयश्री: 'देवाची मर्जी' म्हणलाव. मी च्याचे कप घेऊन दाराआड होते.

राघोबा: मग काय म्हणायचं होतं?

विजयश्री: ते तुम्हाला ठाऊक. मी अकरा दिवस झालं बघायलेय. तुमचं कंबरडं ताठ झालंय मामा. रोज दाढी करायलाव. गुडघे दुखतात म्हणून संडासला जाताना माझा हात धरत होताव, आता पारापर्यंत एकट्यानं जायलाव. पोरगा वर तोंड लपवून बसलाय आन् गाव बापाला वाकून नमस्कार करायलंय.

राघोबा: साठ वर्सं ह्या गावाची दारं, खिडक्या, पाळणे, तिफणी केल्या. कुणी नमस्कार केला न्हाई. अकरा दिस केला, तर तुझ्या डोळ्यात आला व्हय?

विजयश्री: नमस्कार डोळ्यात आला न्हाई. कुणाच्या जिवावर घ्यायलाव, ते आलं.

राघोबा: तुझी जीभ पटाशी हाय पोरी.

विजयश्री: तुमच्याच घरात धार लागली.

(धनराज खांद्याला पिशवी अडकवून माळवदावरून उतरतो.)

धनराज: काय चाललंय? वरपर्यंत आवाज यायलाय. अप्पा, माझा मोठा टेप तुमच्याकडं हाय का?

राघोबा: खुंटीला हाय. घे.

धनराज: नव्या विमानाचा पाट झाला? चांगला झालाय. जोड कुठं हाय तेच दिसत न्हाई.

राघोबा: खिळा न्हाई एक बी. भोकात कुसू ठोकून बसवलाय.

धनराज: माहीत हाय. गाव रोज ऐकवायलंय मला. खिळा न्हाई एक बी.

विजयश्री: ओ, बसा जरा.

धनराज: बसायला टाइम न्हाई. पाचची चुकली तर रात्री हुमनाबादला लटकावं लागंल.

विजयश्री: मठात यायचं न्हाई?

धनराज: दुपारीच जाऊन आलो. मठात न्हाई, काकांच्या घरी, लिंगम्मा अक्कांकडं. पायावर डोकं ठेवलं. पंगतीत उभं राहून तमाशा मला जमायचा न्हाई. ज्यांचा माणूस गेला त्यांना भेटलो, खल्लास.

राघोबा: काय म्हणल्या लिंगम्मा?

धनराज: काकांचा रुमाल मांडीवर घेऊन बसल्यात. रस्त्यात पडला होता ना डोक्यावरचा, तोच. चिखल तसाच हाय, धुऊ देत न्हाईत. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणल्या, 'तू लेकरू हायस, चुकलास. पर एक सांग बाबा. कलंडले तवा त्यांना लागलं असंल का?'

राघोबा: अरारा.

धनराज: मेलेल्या नवऱ्याला लागलं का म्हणून इचारायलीय बाई. मी काय सांगू? न्हाई म्हणलं तर खोटं वाटलं, व्हय म्हणायला तोंड न्हाई. तसाच उठून आलो.

विजयश्री: पाणी घ्या.

धनराज: नको. अप्पा, मी त्या दिवशी विमानाच्या मागंच होतो, तुम्ही पुढं टाळकऱ्यांत होताव, म्हणून तुम्हाला दिसलं न्हाई. सकाळी काकांना आंघोळ घातली आन् ओल्या अंगानंच बसवलं. पाठीला कमानीशी बांधलं. हैदराबादहून लेक यायची होती, म्हणून तीन घंटे अंगणात तसेच बसवून ठेवलं. पाणी खाली झिरपायलंय, मला दिसायलंय. वरून मी लॅमिनेट मारलतं, सोनेरी रंग मारलता. पर कडा उघड्या होत्या. खालची बाजू कोरीच. त्यात मठाची कोठी, शेजारी पाण्याचा हौद. चार म्हैने ओल पीत पडलं होतं ते.

राघोबा: माहीत हाय.

धनराज: तुम्हाला काय माहीत? मारुतीच्या उताराला आलो आन् मोडलं. लाकूड मोडताना कडाडतं, माणूस सावध तरी होतो. ह्याला आवाजच न्हाई. च्यात बुडवलेलं बिस्कीट तुटतं तसं. स्क्रू जागच्या जागी, फळी खाली. काका एका अंगाला गेले. त्यांचा हात गटारीच्या चिखलाला लागला. पोरं ओरडली, बाया ओरडल्या. मग कुणीतरी हॉटेलातली लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. पाठीवर सोडा-पाण्याची जाहिरात. त्या खुर्चीत बसून अमृतप्पा काका समाधीपर्यंत गेले. गावाच्या मठाला साठ एकर देणारा माणूस.

राघोबा: पुरं कर धनू.

धनराज: पुरंच करायलोय. म्हणून तर निघालो.

विजयश्री: बोर्डच भिकारडा. भुसा दाबून फळी केली तर दुसरं काय होणार?

धनराज: बोर्डाला नाव ठेवू नको. एमडीएफ वाईट न्हाई. अर्ध्या आळंदला मीच लावलंय. टीव्हीच्या मागची भिंत, कपाटांची दारं, देव्हारे, कॉलेजातल्या स्पीकरच्या पेट्या, कापड दुकानांच्या फळ्या. गाठ न्हाई, वाकत न्हाई, उन्हाळ्यात तडकत न्हाई, रंग काचेवानी बसतोय. कोरड्या जागी ठेव, वीस वर्सं बघायला नको. कुणाच्या घरी एक तरी दार फुगलंय का? चूक बोर्डाची न्हाई. मी पाण्याच्या जागी लावला.

राघोबा: त्याला रेषा न्हाई. लाकडाला रेषा असती, भार आला की रेषेनं रेषेला धरून ठेवती. भुशाला कोण धरंल? कडंला स्क्रू मारला की पापुद्र्यानं सुटतंय.

धनराज: मला ठाऊक हाय की अप्पा. कडंला स्क्रू मारायचा न्हाई, मारला तर आधी भोक पाडायचं, कडा बंद करायच्या, हे मी बाकीच्यांना शिकवतो. पाणी सोसणारा बोर्ड हैदराबादवरून यायला आठ-दहा दिवस लागणार होते. श्रावण दोन म्हैने लांब होता, पर मला तेवढा दम निघाला न्हाई. आन् खरं सांगू? मशीनवर नक्षी एमडीएफमधीच लोण्यागत उठती. नंदीचे डोळे सुद्धा आले होते. मी त्या डोळ्यांपायी केलं. सगळे वाहवा करायले. एकानं जरी म्हणलं असतं, 'अरे धन्या, खाली एकदा हात लावून बघ'...

विजयश्री: ऐकलाव ना, मामा?

राघोबा: धनू, पिशवी खाली ठेव.

धनराज: अप्पा, गाडी—

राघोबा: ठेव म्हणतो. विजया, दे त्याला.

धनराज: हे काय? हा तर बोर्ड हाय. अठरा एमएमचा. किती फुगलाय, बाप रे. हा कोपरा माझ्याच कापणीतला दिसतोय, कमानीच्या वळणाचा. कुठं सापडला? हे काय लिहिलंय... सोळा जून?

राघोबा: माझं अक्षर हाय.

धनराज: सोळा जूनला मी कापायला घेतलतं.

राघोबा: तू दुपारचा जेवायला आलास, तवा दुकानात जाऊन उचलला. रातभर बादलीत ठेवला. सकाळी बघतो तर अंगठ्याएवढा. नखानं दाबलं तर लापशी.

धनराज: आन् बोलला न्हाईत.

राघोबा: न्हाई.

धनराज: कामून अप्पा?

राघोबा: तू मीटिंगमधी चार माणसांत मला म्हणलतास, 'अप्पांचं डोस्कं बाभळीतच अडकलंय.' समदे हसले. अमृतप्पा बी हसला. मी मनात म्हणलं, पडू दे ह्याला एकदा तोंडावर.

धनराज: तोंडावर मी पडलो न्हाई अप्पा. काका पडले.

राघोबा: मला वाटलं, कोठीत रिकामं असतानाच मोडंल. एक दिवस दार उघडतील, विमान खाली बसलेलं दिसंल, लोक हसतील. मग माझ्या दारात येतील. कुणी बसल्यावर मोडंल, आसं मी मनात आणलंच न्हाई.

विजयश्री: विमानात माणूस बसतो, मामा. त्यासाठीच करतात.

राघोबा: व्हय.

धनराज: आईच्या गावात. अकरा दिवस. अकरा दिवस तुम्ही माझ्या शेजारी जेवायलाव.

राघोबा: अजून एक हाय. ते ह्या पोरीला बी ठाऊक न्हाई.

विजयश्री: अजून काय?

राघोबा: श्रावण लागायच्या आधी अमृतप्पा आलता इथं. तू माहेरी गेलतीस, धनू दुकानात. त्या दगडावर बसला. च्या ठेवतो म्हणलं तर नको म्हणला. लाजला होता. म्हणला, 'राघ्या, हात वर केला म्हणून रुसलास ना? आरं, तुझे गुडघे गेलेत. म्हैनाभर उकिडवं बसून तासत बसला असतास, म्हणून केला. तुला कुठं सगळ्यांसमोर सांगू?'

धनराज: मग?

राघोबा: मग उठता उठता म्हणला, 'पोराचा बोर्ड कसा हाय? तू सुतार हायस, मला खरं सांग. शेवटी मलाच बसायचंय त्यात.' हसत म्हणला.

धनराज: तुम्ही काय सांगितलाव?

राघोबा: 'झ्याक हाय,' म्हणलो.

विजयश्री: मामा!

धनराज: हा तुकडा कुठं होता त्या वक्ताला?

राघोबा: बादलीत. त्याच्या पायापाशी.

धनराज: काकांनी बघितला न्हाई?

राघोबा: त्याला बादलीत बघायची काय गरज? मी पुढं बसलो होतो की.

धनराज: मला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते मला ठाऊक न्हाई. खरं बोलायचं तर न्हाई ऐकलं असतं. म्हणलो असतो, जुनं लाकूड, जुनं डोस्कं. भांडलो असतो. पर काकांनी ऐकलं असतं. ते तर ऐकायलाच आले होते.

राघोबा: व्हय. ऐकायलाच आलता.

धनराज: तेवढंच इचारायचं होतं. निघतो मी.

राघोबा: थांब की. सांजच्याला मी मठात सांगतो. तुकडा घेऊन जातो, समद्यांना दावतो. शाल घेत न्हाई. मग तुला कुणी बोट लावणार न्हाई. दुकान चालंल परत.

धनराज: सांगा. नक्को म्हणत न्हाई मी. पर माझ्यासाठी सांगू नका. मी स्क्रू मारले ते मारले. तुमच्या सांगण्यानं माझं धुऊन निघत न्हाई, आन् मी गेल्यानं तुमचं निघत न्हाई.

राघोबा: मग जातोस कशाला? राहा घरात.

धनराज: दुकान चालंल अप्पा. घर चालायचं न्हाई. त्या दिवशी मातीवरून आल्यावर मी जेवत नव्हतो. तुम्ही तुमच्या हातानं भाकरी मोडून माझ्या ताटात घातलाव. 'खा लेकरा, माणसाच्या हातून चूक होती,' म्हणलाव. मी रडलो. मला वाटलं, सगळं गाव थुंकायलंय, पर माझा बाप देव हाय.

राघोबा: धनू...

धनराज: ती भाकरी आता वर यायलीय. विजया, मशीनवर ताडपत्री टाक, आत धूळ जाऊ देऊ नको. गावातल्या पोरांना एकट्यानं चालवू देऊ नको, बोट जाईल. पोचलो की फोन करतो.

विजयश्री: परत कधी येणार?

धनराज: बघू. अप्पा, टेप घेतला मी.

राघोबा: घे. तुझाच हाय. भाकरी तरी बांधून घे.

धनराज: नको. येतो.

विजयश्री: ओ, मफलर राहिला! ... गेले. ऐकूच आलं न्हाई त्यांना.

राघोबा: मागं बघितलं का?

विजयश्री: न्हाई.

राघोबा: लहानपणी आळंदच्या शाळेत सोडायला जायचो, तवा दहादा मागं बघायचा. मी पाराआड लपून बसायचो, त्याला दिसू नये म्हणून.

विजयश्री: तुम्हाला लपायची सवय जुनीच हाय म्हणा की.

राघोबा: बोल. आज तुझा दिस हाय.

विजयश्री: माझा कसला दिस, मामा? माझा नवरा ओझी उचलायला गेला. हा तुकडा मी सकाळीच चुलीत घातला असता, तर आठ दिवसांत ते घरी परत आले असते. शाल घडी घालून कपाटात ठेवली असती मी. तेच कपाट, एमडीएफचं.

राघोबा: मग घातला कामून न्हाईस चुलीत?

विजयश्री: ओला होता, असं समजा.

राघोबा: ये इकडं. हा पाट पालथा घालायला हात लाव. जड हाय. हां. आसा.

विजयश्री: आता काय करायलाव? झाला ना हा?

राघोबा: खालची बाजू राहिली. बापाच्या पाटाला खालून खाचा होत्या. माणूस पोचवून आले की दुसऱ्या दिवशी विमान धुवायचं आन् बापानं पटाशीनं एक खाच पाडायची. लिहिता येत न्हवतं त्याला. बाप गेल्यावर मी पाडल्या. अठ्ठावन्न खाचा. कोणती कुणाची, मला तोंडपाठ हाय. अमृतप्पाच्या बापाची चौथी. त्याच्या आईची अकरावी.

विजयश्री: आन् काकांची?

राघोबा: कुठंच न्हाई. बापाचा पाट वाळवीनं नेला. धनूच्या बोर्डावर पटाशी लावली तर खाच पडत न्हाई, भुगा पडतो. आन् खुर्ची हॉटेलवाल्यानं धुऊन परत मांडली, कालच बघितली मी. एक माणूस च्या पित बसला होता तिच्यात.

विजयश्री: मग?

राघोबा: शिसपेन्सिल दे. मला आता लिहिता येतंय. खाच नको, नाव घालू. आधी लिहितो, मग पटाशीनं कोरतो.

विजयश्री: ह्या पाटावर ते बसलेच न्हाईत, मामा.

राघोबा: त्याच्याच बांधावरची बाभूळ हाय. त्याच्यासाठीच ठेवलेली. पहिलं नाव त्याचंच पडंल, दुसऱ्या कुणाचं पडायचं न्हाई.

विजयश्री: आन् करणाऱ्याचं? शिवशंकरप्पा म्हणलाय, पुढच्या अंगाला 'राघोबा सुतार' असं कोरा, गावाला कळू द्या.

राघोबा: गावाला आज सांजच्याला कळंल. त्यो तुकडा पिशवीत घाल. तू बी चल माझ्यासंगं. माझ्या शेजारी उभी राहा. मी फिरलो तर तू बोल.

विजयश्री: फिरणार हायव का?

राघोबा: स्वामीजी शाल उघडतील, समदं गाव बघंल. मी तिथं काय करीन, मला ठाऊक न्हाई. अमृतप्पा पुढ्यात बसून इचारत होता, तवा मी काय केलं, ते ऐकलंस ना आत्ता?

विजयश्री: ऐकलं. येते मी. लिंगम्मा अक्का बी बसलेल्या असतील तिथं, रुमाल घेऊन.

राघोबा: तिला मी काय सांगू? लागलं म्हणून सांगू, का न्हाई म्हणून?

विजयश्री: तिला पाण्यावानी सांगा. काही बोलू नका, तुकडा हातात द्या.

राघोबा: हूं. घे, झालं लिहून. चष्म्यावर घाम आलाय, मला दिसायचं न्हाई. वाच बरं, नीट आलंय का.

विजयश्री: 'अमृतप्पा वारले. शनिवार, दोन डिसेंबर, दोन हजार तेवीस.'